सुतकातला डबा

"इनकी अपनी आवाज़ में कुछ है आपके पास?" रुचीनं विचारलं, आणि देवश्रीला हायसं वाटलं. गेल्या काही आठवड्यांत डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निदान एकाचं तरी उत्तर तिच्याकडे तयार होतं.

रुची वाचा-उपचार करायची. अर्धांगाच्या झटक्यानं ज्यांचं बोलणं गेलं त्यांना बोलतं करायचं हा तिचा उद्योग. समोर खाटेवर बाबा होते. बिंदुमाधव घनपाठी म्हटलं की ब्रह्मा घाटावर लोक आपसूक आवाज खाली आणायचे, ते बाबा. जन्मभर वेदांचे घनपाठ, शब्द उलटसुलट गुंफून, म्हणत आलेले. आता त्यांच्या तोंडून "त… त…" एवढंच निघत होतं, आणि तेही निघालं की ते स्वतःच दचकायचे. उजवा हात कुणी तरी विसरून गेल्यासारखा चादरीवर पडलेला.

रुचीनं समजावून सांगितलं. बोलण्याची जागा दुखावली आहे, पण माणूस जे जन्मभर सुरात म्हणत आला ते मेंदूत दुसरीकडे बसलेलं असतं. कधी कधी त्या वाटेनं शब्द परत येतात. दुसऱ्या वैदिकांच्या रेकॉर्डिंग तिनं लावून बघितल्या होत्या, पण बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. दुसऱ्याचं म्हणणं त्यांना धडधाकट असतानाही कधी आवडलं नव्हतं, तर आता काय आवडणार!

"उन्हीं की आवाज़, उन्हीं का ढंग चाहिए," रुची म्हणाली. "और जल्दी. ये शुरू के हफ़्ते निकल गए तो फिर मैं कुछ वादा नहीं कर सकती."

"आहे ना! पूरा रेकॉर्डिंग है," देवश्री म्हणाली आणि उठून कोनाड्यातल्या रेकॉर्डिंगच्या डब्याकडे गेली. झटका, दवाखाना, धावपळ या सगळ्यात तो बंदच राहिला होता. तिनं प्लग लावला. हिरवा दिवा लागला, लुकलुकला, विझला, आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला.

आतली डिस्क गेली होती.

एवढ्यानं हातपाय गाळायचं कारण नव्हतं, कारण हा डबा एकटा नव्हता. ब्रह्मा घाटापासून दुर्गा घाटापर्यंतच्या मराठी घरांतून असे डबे होते आणि त्या सगळ्यांचं मिळून नाव होतं 'सांभाळ'. ही देवश्रीचीच करामत. ती विद्यापीठात कॉम्प्युटर शिकवायची. गल्लीतले म्हातारे वैदिक एकेक करून जायला लागले तेव्हा त्यांचे पाठ रेकॉर्ड करून ठेवावेत असं तिच्या मनात आलं. पण ठेवायचे कुणाकडे? एकाच्या घरी ठेवायचं म्हटलं की दुसऱ्याच्या पोटात दुखणार, ही इथली जुनी रीत. इंटरनेटवर कुठे ठेवायचं म्हटलं तर बाबांनी डोळे वटारले, "वेद काय परदेशातल्या गोदामात टाकायचे?" म्हणून मग ही युक्ती. प्रत्येक घरी एक डबा. प्रत्येक पाठाचे तुकडे करून ते सगळ्यांच्या डब्यांत थोडे थोडे ठेवायचे. तुझं मी सांभाळतो, माझं तू सांभाळ. मालक कुणीच नाही.

कागदावर झकास होतं. पण कागदावर माणसं राहत नाहीत. लोक सकाळी उठून हवा तो पाठ उतरवून घेत आणि प्लग काढून टाकत. बिजलीचं बिल येतं, डबा गरम होतो, माझा एकट्याचा बंद राहिला तर कुणाचं काय अडतंय! असा विचार करणारा एक असता तर खरंच अडलं नसतं. इथे सगळेच तसले. महिन्याभरात अशी वेळ आली की घ्यायला सगळे हजर आणि द्यायला कुणीच नाही.

तेव्हा देवश्रीनं नियम घातला. जो देईल त्याला मिळेल. ज्याचा डबा चालू राहून इतरांना देतो त्याचा दिवा हिरवा, आणि त्याला हवं ते चटकन मिळणार. जो नुसताच घेतो त्याचा दिवा लाल, आणि त्याला गोगलगायीच्या चालीनं. लाल दिवेवाल्यांची नावं दर रविवारी ग्रुपवर. आणि जो बरेच दिवस बंदच राहील, त्याचे तुकडे बाकीच्या डब्यांनी जागा लागेल तसे टाकून द्यायचे. तो आमचं सांभाळत नाही, तर आम्ही त्याचं का सांभाळावं? हा नियम कुणा एकाच्या लहरीनं बदलता येऊ नये म्हणून निम्म्याहून जास्त घरांनी होकार दिल्याशिवाय तो हलायचा नाही, अशीही तरतूद तिनं केली. स्वतःलासुद्धा बांधून घेतलं.

आणि काय सांगावं, लोक सुतासारखे सरळ झाले. हिरवा दिवा म्हणजे घराण्याची अब्रू झाली. देवश्रीनं यावर निबंध वाचला, दिल्लीहून टाळ्या घेऊन आली.

एकच गोष्ट तिला कळत नव्हती. अधूनमधून सगळे डबे एकदम बंद पडायचे, जसं काही ठरवून. तिनं तारा तपासल्या, प्रोग्राम तपासला. शेवटी आईनं, शरदिनीबाईंनी, भाजी निवडता निवडता सांगितलं, "अगं, काल अष्टमी होती. अनध्याय. त्या दिवशी वेद म्हणायचा नसतो, तर डबा तरी कोण चालू ठेवणार?" देवश्री कपाळाला हात लावून हसली आणि घरोघरचे होकार घेऊन तिनं अनध्यायाच्या तिथ्या नियमात सुट्ट्या म्हणून घालून टाकल्या.

मग प्रश्न आला सुतकाचा. घरात सुतक असलं की वेद म्हणायचा नाही, द्यायचा नाही. तिथी पंचांगात सापडते. सुतक कुठे सापडणार? घरच्यांनी सांगायचं आणि तिनं मानायचं. सगळ्यांच्या होकारानं तिनं तीही सुट्टी दिली, आणि काय आश्चर्य, घरोघरी माणसं मरायला लागली! रत्नागिरीतले चुलत आजे, ग्वाल्हेरचे कुणी मावसे, ज्यांना जिवंतपणी कुणी पत्र टाकलं नव्हतं त्यांचं सुतक लोक मनोभावे पाळू लागले. डबा बंद, दिवा मात्र हिरवा. देवश्री भडकली. डबे चालू ठेवणाऱ्या घरांचे होकार जमवून तिनं ग्रुपवर लिहिलं: सुतकाची सवलत रद्द. कुणालाही नाही. आमच्या घरालाही नाही.

शेवटचं वाक्य तिनं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

आणि पावसाळ्यात इंदूरचे धाकटे काका गेले. बाबांचे सख्खे भाऊ. बाबांनी तार खाली ठेवावी तसा फोन खाली ठेवला आणि आधी जाऊन डब्याचा प्लग काढला.

"बाबा, बंद राहिला तर सगळे तुमचे तुकडे टाकायला लागतील," देवश्री म्हणाली होती.

"नियम तुझा. सुतक माझं," बाबा म्हणाले होते.

तिला सहज करता आलं असतं. घरोघरी जाऊन होकार घ्यायचा, एवढंच. पण तिची जीभ उचलली नाही. लोक म्हणतील, बघा, स्वतःच्या बापाची वेळ आली आणि नियम वाकवला. सुतक फिटलं की डबा लावूच, असं म्हणून ती गप्प बसली. सुतक फिटलं त्याच सकाळी अंघोळीहून येताना बाबा पायरीवर कोसळले.

आता रुचीला दाराशी पोहोचवून तिनं लॅपटॉप उघडला. नवरात्र तोंडावर आलं होतं, जो तो नवे पाठ भरत होता, आणि डबे इमानेइतबारे तिचा हुकूम पाळत होते. पडद्यावर एकेक ओळ उमटत होती: बिंदुमाधव, तुकडा काढला, जागा मोकळी केली. ती बघत असतानाच आणखी एक. मग आणखी एक.

नियम बदलायला निम्म्याहून जास्त घरांचे होकार हवेत. तेवढा वेळ कुठे होता? एकच उपाय होता. लोकांना सांगायचं, डबा बंद करा. बंद डबा काही टाकत नाही. मग घरोघरी जाऊन त्यांतले तुकडे उतरवून घ्यायचे. तिनं ग्रुपवर लिहिलं आणि लॅपटॉप बगलेत मारून ती गल्लीत उतरली.

गोपीनाथकाका तिसऱ्या दारात राहत. बाबांचे लहानपणापासूनचे स्नेही. रोज दवाखान्यात येऊन बसलेले. त्यांचा डबा देवघराच्या शेजारी हिरवागार चमकत होता.

"काका, मेसेज बघितला नाही का? आधी प्लग काढा."

"बघितला तर," काका म्हणाले. जागचे हलले नाहीत. "पण बेटा, बंद केला तर लाल होईल की."

"होऊ दे लाल! बाबांचा आवाज जातोय त्यात."

"तुझं बरोबर आहे गं. पण आमच्या विश्वेशची पाठशाळेची परीक्षा आहे ना नवरात्रानंतर. त्याला रोज नवा पाठ लागतो. एकदा लाल झालो की महिनाभर सगळं रेंगत रेंगत येणार. गेल्या साली दोन दिवस फ्यूज उडालेला, तेव्हा तू ऐकून घेतलं होतंस का? खामखा सगळ्या समाजापुढे नाव आलं माझं."

देवश्रीला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःचा त्याहून जास्त आला. तिनंच शिकवलं होतं यांना, की डबा बंद करणारा तो स्वार्थी. आता ते तिचंच तिला ऐकवत होते. आणि त्या हिरव्या डब्यात, देवाच्या शेजारी, बाबांचे तुकडे पुसले जात होते.

"काका, मी हात जोडते."

काकांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "चालू ठेवूनच उतरवून घे ना, जे काय असेल ते," ते म्हणाले. "आम्ही नाही कुठे म्हणतोय?"

तिनं तिथेच जमिनीवर बसून वायर जोडली. उतरवता उतरवता एक तुकडा तिच्या डोळ्यांदेखत गेला.

पुढच्या घरांची तऱ्हा निराळी नव्हती. कुणी म्हणे शेजारच्यांनी बंद केला की आम्ही करतो. कुणी म्हणे ह्यांना विचारायला हवं, आणि हे अहिल्याबाई घाटावर श्राद्ध लावायला गेलेले. एका बाईंनी चहा पुढे केला, डोळ्यांत पाणी आणून बाबांची चौकशी केली, आणि प्लगपुढून मात्र हलल्या नाहीत. वाईट कुणीच नव्हतं. बाबा बरे व्हावेत असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. फक्त त्यासाठी पहिला लाल दिवा दुसऱ्या कुणाचा तरी लागावा, एवढीच इच्छा होती. मोजक्या दोन-तीन घरांनी तिचा चेहरा बघूनच डबे उपसून हातात दिले. देवश्री एकेका घरचा जिना चढत होती, उतरत होती, घामानं निथळत होती. गल्लीत बैल आडवा बसला होता, त्याला वळसा घालण्याइतकाही दम तिच्यात उरला नव्हता.

सगळ्यात शेवटी ती यज्ञेशकडे गेली, आणि खरं तर नाइलाजानं. यज्ञेश हा 'सांभाळ'मधला कायमचा लाल दिवा. पाठशाळा अर्धी टाकून तो मुन्शी घाटावर बाहेरगावच्या यात्रेकरूंच्या पूजा लावायचा, मोबाइल उभा करून ऑनलाइन अभिषेक करायचा. मध्यंतरी तो बाबांकडे घनपाठ शिकायला आला होता. बाबांनी त्याला दारातूनच परतवून लावलं: "तुला म्हणायचं नाहीये, विकायचंय." बाबांचं बोलणं तसं तिखटच होतं, जोवर होतं तोवर.

"माझ्याकडे काय असणार, ताई?" यज्ञेश दार अर्धंच उघडून उभा राहिला. "मला तर ना कुणी काही देत, ना मी कुणाला. आपको तो मालूम है."

"एकदा बघू दे."

"नाहीये म्हटलं ना." तो नजर चुकवत होता. मग एकदम म्हणाला, "गुरुजी कसे आहेत?"

"बोलत नाहीत," देवश्री म्हणाली आणि वळली. तिला त्याच्याशी बोलत बसायला वेळ नव्हता.

घरी येऊन तिनं जमलेलं सगळं एका ओळीत लावलं. सुरुवात होती, शेवट होता, मधला मोठा भाग रिकामा होता. आणि सगळे तुकडे जुळल्याशिवाय आवाज उघडत नव्हता. ते कुलूपही तिचंच. कुणी अर्धंमुर्धं उचलून आपल्या नावावर खपवू नये म्हणून घातलेलं. बाबांच्या सांगण्यावरून मूळ रेकॉर्डिंग तिनं त्यांच्यासमोर लॅपटॉपवरून पुसलं होतं. इतक्या घरांत आहे म्हटल्यावर जातंय कुठे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ती पडद्यावरच्या जुन्या नोंदी उलटसुलट चाळत राहिली, आणि अचानक थांबली. एका डब्यानं बाबांचा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतला होता. सगळाच्या सगळा. आणि त्यातलं काहीही टाकल्याची खूण कुठे नव्हती. नावाच्या जागी नुसती शून्यं. कुणी तरी आपल्या डब्याचा प्रोग्राम बदलून घेतला होता: घ्यायचं सगळं, द्यायचं काही नाही, आणि नियम आला की कानावर हात ठेवायचे.

म्हणजे आहे! याच गल्लीत कुणाच्या तरी घरी बाबांचा आवाज अख्खा आहे!

आधी तिला आनंदानं रडू आलं. आणि लगेच त्या आनंदाच्या मागोमाग संताप आला. बाबा तिकडे जिभेशी झुंजतायत, मी दारोदार भीक मागत फिरतेय, आणि हा चोर गुपचूप सगळं दाबून बसलाय! मी त्याच्या दारातून जाऊन आले असणार. त्यानं माझ्या तोंडावर नाही म्हणून सांगितलं असणार.

तिनं फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं: 'बाबांचा पूर्ण पाठ नियम मोडून कुणी लपवून ठेवला आहे हे मला कळलं आहे. ताबडतोब आणून द्यावा. नाही तर मी एकेका घरचा डबा उघडून तपासणार. ज्याच्याकडे सापडेल तो 'सांभाळ'मधून कायमचा बाहेर, आणि नवरात्राच्या सभेत सगळ्या समाजापुढे त्याचं नाव सांगितलं जाईल.'

आई बाबांना पेज भरवत होत्या. देवश्रीनं वाचून दाखवलं तसा त्यांचा चमचा थांबला.

"हे पाठवलंस?"

"पाठवलं."

"अगं, असं धमकावून कधी कुणी काही देतं का? घाबरलेला माणूस आधी हातातलं लपवतो."

"लपवू दे. मी प्रत्येक डबा उघडणार आहे," देवश्री म्हणाली. पण आईचं वाक्य मनात रुतलं. तिनं मेसेज मागे घ्यायला फोन हातात घेतला. सगळ्यांनी वाचला होता. आता पुसून काय उपयोग? ती लॅपटॉपसमोर बसून त्या शून्यांच्या ओळीकडे बघत राहिली. आता तो देऊ लागेल, आत्ता देऊ लागेल.

ओळ हलली.

'तुकडा काढला.' मग पुढचा. मग भराभर, वाचता येऊ नये इतक्या वेगानं. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. सापडू नये म्हणून तो पुसत होता.

"थांब! अरे, थांब!" देवश्री पडद्यावर ओरडली. तिनं ग्रुपवर लिहायला घेतलं, काही करणार नाही, नाव घेणार नाही, फक्त पुसू नका. बोटं चुकत होती. तिचं वाक्य पुरं होण्याआधी ओळ रिकामी झाली होती.

बाबांनी तिच्याकडे बघून "त… त…" केलं, बहुधा काय झालं असं विचारलं. देवश्री त्यांच्या खाटेपाशी जाऊन खाली बसली आणि त्यांच्या निर्जीव उजव्या हातावर कपाळ टेकून रडली. आधी तिच्या नियमानं पुसलं, उरलं होतं ते तिच्या रागानं. बापाचा आवाज तिनं दोनदा घालवला होता, आणि दोन्ही वेळा आपण न्यायानं वागतोय या खात्रीनं.

उन्हं अजून उतरली नव्हती तेव्हा दार वाजलं. आईंनी उघडलं. यज्ञेश होता. धापा टाकत होता आणि त्याचा डबा दोन्ही हातांत पोटाशी धरलेला.

"ताई, तो मीच," तो म्हणाला.

देवश्री उठली. क्षणभर तिला वाटलं, आणलाय यानं. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला.

"मिटवलं मी. सगळं मिटवलं. तुमचा मेसेज वाचला आणि घाबरलो. सभेत नाव घेतलं असतं तर माझे बाबूजी मेले असते शरमेनं. मिटवल्यावर तुमचा दुसरा मेसेज आला." त्यानं डबा पुढे केला. "कुछ निकल सकता है क्या इसमें से? बघा ना, ताई. काही तरी निघेल."

देवश्रीनं डबा जोडून पाहिला. काही निघणार नाही हे तिला ठाऊक होतं; पुसलेलं परत मिळू नये ही व्यवस्थाही तिनंच केली होती.

"सकाळी मी तुझ्या दारात उभी होते," ती म्हणाली. "हात जोडले असते तुझ्यापुढे. निघ इथून. निघ."

तो निघालाच असता. पण आई दाराशी उभ्या होत्या आणि हलल्या नाहीत.

"घेतलं कशाला होतंस?" त्यांनी विचारलं.

"शिकायला," यज्ञेश खाली मान घालून म्हणाला. "गुरुजींनी बसू दिलं नाही ना. तर मग रोज लावायचो आणि त्यांच्या मागे म्हणायचो. ते श्वास घेतील तिथे घ्यायचो, थांबतील तिथे थांबायचो. इतक्या महिन्यांत दुसरं काही केलंच नाही. दिवा लाल तर लाल."

"किती येतं?"

"सगळं येतं, काकू. चूक की बरोबर ते माहीत नाही. विचारणार कुणाला?"

देवश्रीनं आईकडे पाहिलं. आईंनी यज्ञेशच्या हातातला डबा काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"मग म्हण."

यज्ञेश पांढरा पडला. खाटेवरून बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं कुणी समजू नये. ज्याला दारातून परतवून लावलं त्यानं भिंतीआडून चोरलं होतं, आणि आता ती चोरी त्यांच्याच समोर काढून दाखवायची होती. त्यानं देवश्रीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नकार की विनवणी हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तो पाय धुऊन आला, खाटेपासून लांब, नुसत्या फरशीवर बसला, आणि त्यानं सुरू केलं.

पहिल्या काही शब्दांत आवाज कापत होता. मग तो सापडला. आवाज पोरसवदा होता, पण चाल बाबांची होती. तोच संथपणा, शब्द उलटसुलट गुंफताना मध्येच घेतलेला तोच अर्धा श्वास, ओळ संपताना तीच किंचित घाई. आई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

देवश्रीचा धीर सुटला. पण यज्ञेश थांबला नाही, डोळे मिटून पुढे पुढे जात राहिला. आणि तिला दिसलं की चादरीवर बाबांचा डावा हात हलतोय. स्वर वर गेला की वर, खाली आला की खाली. जन्मभर हे काम उजव्या हातानं केलेलं. डाव्याला ते जमत नव्हतं, तो मागे पडत होता, धडपडत होता, पण सोडत नव्हता.

यज्ञेश पाठाच्या मध्यावर आला, आणि एका शब्दाशी त्याचा स्वर खाली यायचा तिथे वर गेला.

बाबांचा हात थबकला. त्यांनी तोंड वळवलं. खाटेच्या कडेवर डाव्या हाताचा फटका बसला. यज्ञेशनं डोळे उघडले, घाबरला, मागे जाऊन तो शब्द परत म्हणाला आणि परत तसाच चुकला.

"त…" बाबा म्हणाले. चेहरा लाल झाला, मानेची शीर टरारली. "त… त…" देवश्री पुढे धावणार तोच आईंनी तिचं मनगट धरलं. बाबांनी डोळे गच्च मिटले. बोलायचं सोडून दिल्यासारखे क्षणभर गप्प झाले, आणि मग त्यांच्या घशातून नुसता स्वर आला, शब्दाशिवाय, खाली उतरणारा. एकदा. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्या स्वरावर बसून शब्द बाहेर आला, लडबडत, एका अंगानं वाकडा, पण अख्खा.

यज्ञेशनं हात जोडले. संथा घेताना गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा, असा शिरस्ता. त्याला आजवर कुणी अशी संथा दिली नव्हती. तो फरशीवरून सरकत सरकत खाटेच्या पायथ्याशी आला आणि त्यानं तो शब्द, स्वर खाली आणून, दोनदा म्हटला.

बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग होता त्या नजरेत, तो लपत नव्हता. देवश्रीला वाटलं, आता तोंड फिरवतील.

त्यांनी श्वास घेतला आणि पुढचा शब्द दिला.